आजीची ब्राह्मी आणि उंदराचे भय

परीक्षा जवळ आली की आमची आजी ब्राह्मीचा रस हातात देते. म्हणते, "पी पोरी, छातीतली धडधड बसंल." आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली, धडधड खरीच असते. पण ती रसाने बसते की आजीच्या मायेने?

प्रयोगशाळेतला उंदीर याचे निम्मे उत्तर देतो. जमिनीपासून उंच, अधिक चिन्हाच्या आकाराच्या फळ्यांवर त्याला सोडतात. दोन बाजूंना भिंती, दोन उघड्या. भ्यालेला उंदीर भिंतीआड राहतो. औषध लागू पडले तर उघड्यावर अधिक वेळ फिरतो. त्याला आजीची माया ठाऊक नसते!

कोणी म्हणेल, परंपरेची परीक्षा कशाला? मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण रुग्णांवर तपासून मांडला, तेव्हा पाश्चात्त्य वैद्यकाने तिची दखल घेतली. तपासणीने परंपरेचा मान वाढला.

मात्र उंदराला नापास होण्याचे भय नसते. म्हणून शेवटचा निकाल माणसावरच लागायचा, आणि तोवर त्या मुक्या जिवाला विनाकारण छळू नये. आजीचा रस मी पिणारच. पण शंका विचारायलाही मी इथेच शिकले.