नंबराला लावलेल्या घागरी

बचत गटाच्या भरतकामाला ‘डिझाइन’ हवं म्हटलं की शहरातून ट्रेसिंग पेपर येतो. त्यावर मोर, कोयरी, फार तर वारली नाच. बायका तो इमानेइतबारे भरतात. मग प्रदर्शनात चार जिल्ह्यांचे चार स्टॉल आणि सगळीकडे तोच मोर.

गेल्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या एका गोधडी गटात मी दोन दिवस होते. सकाळपासून जे जे पाहिलं ते खडूने कापडावर काढा, असं सांगितलं. सगळ्यांनी तुळशीवृंदावन काढलं. “डिझाइन म्हणजे असंच असतंय की,” एक मावशी म्हणाल्या. दुपारी त्यांनीच टँकर काढला. विहिरीत सोडलेला पाइप आणि भोवती घागरीच घागरी. माणूस एकही नाही. विचारलं तर म्हणाल्या, “नंबराला घागर उभी असती. आमी घरी कामाला.”

ट्रेसिंग पेपर काढणाऱ्याला हे सुचणं शक्य नाही. त्यासाठी त्या रांगेत स्वतःची घागर ठेवलेली असावी लागते. पुढचं सगळं बायकांनीच ठरवलं. पाइपला साखळी टाका, कारण तो जाड दिसतो. पाणी म्हणून साधा धावदोरा, ओळीमागून ओळ. आणि प्रत्येक घागर ज्या-त्या घरच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याची, म्हणजे आपली कुठली हे जिचं तिला कळावं.

बिहारमध्ये मुजफ्फरपूर जिल्ह्यातल्या भुसुरा गावात स्वतःचं जगणं असं कापडावर काढणं 1988 पासून चाललं आहे. सुजनी म्हणजे तिथली गोधडीच. जुन्या धोतर-साड्यांचे थर धावदोऱ्याने शिवायचे आणि नव्या बाळाला त्यात गुंडाळायचं. विजी श्रीनिवासन यांच्या ‘अदिती’ संस्थेच्या मदतीने हे मागे पडत चाललेलं काम बायकांनी पुन्हा हाती घेतलं. आणि कापडावर हुंडा आला, दारू पिऊन मारणारा नवरा आला, बाजारात स्वतः माल विकणारी बाई आली. आकृतीची कड गडद साखळी टाक्याची, आत-बाहेर धावदोरा. टाके आजीचेच, सांगणं मात्र नातीचं. त्यातलं एक कापड बघताना मी फार वेळ त्याच्यापुढून हलू शकले नव्हते.

म्हणून गट चालवणाऱ्या ताईंकडे माझा हट्ट आहे. मजुरी शिवणकामावर ठरते, खाका काढणारीला वेगळं काही मिळत नाही. शहरातून खाका आणला की मात्र त्याचे पैसे मोजले जातात. खाक्याचा दर वेगळा लावा. तोच खाका पुन्हा शिवला तर तिला पुन्हा पैसे द्या आणि गोधडीच्या पाठीवर तिचं नाव दोऱ्याने घाला.

मावशींनी टँकर आता तिसऱ्यांदा काढलाय. या वेळी पाइपच्या सांध्यातून पाणी गळतंय, खाली माती ओली झालीय आणि तिथं दोन चिमण्या चोच बुडवतायत.