नकाशा ज्याच्याकडे, पुराव्याचा भारही त्याच्यावरच हवा



चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घूसच्या आमराई वॉर्डात ऑगस्ट २०२२ मध्ये एक राहते घर बघता बघता जमिनीत गडप झाले. हादरा जाणवताच घरची माणसे बाहेर पळाली, म्हणून वाचली. खाली जुन्या भूमिगत कोळसा खाणीची पोकळी होती. अशा वेळी आजूबाजूची घरे रिकामी होतात, मदत जाहीर होते. मदत हवीच, पण सानुग्रह मदत ही सरकारची मर्जी, नुकसानभरपाई हा हक्क.

कोळसा काढून कित्येक वर्षे लोटली, आता कसला दावा, असे लोकांना सांगितले जाते. ते साफ चूक आहे. १९०८ च्या मुदत कायद्यात नेमके हेच उदाहरण दिले होते : वरची जमीन एकाची, खालचा कोळसा दुसऱ्याने काढला, तर मुदत जमीन खचल्यापासून मोजायची. १९६३ च्या कायद्यातून उदाहरण गळाले, पण तत्त्व कलम २३ मध्ये शाबूत आहे.

घोडे अडते ते पुढे. १९७३ च्या कोळसा खाण राष्ट्रीयीकरण कायद्याच्या (तो २०१८ मध्ये रद्द झाला) कलम ७ ने आधीची देणी जुन्या खाणमालकांवरच ठेवली. ते मालक आज शोधायचे कुठे? शिवाय कोणता पिलर (छताला आधार म्हणून सोडलेला कोळशाचा खांब) कोणत्या साली कापला, पोकळीत वाळू भरली की नाही, हे सिद्ध करायचे कोणी, तर भिंतीला तडे गेलेल्या घरमालकाने! त्याच्याजवळ असते घरपट्टीची पावती आणि फार तर तलाठ्याचा पंचनामा. त्यात कारण म्हणून ‘अतिवृष्टी’ लिहिले गेले की संपलेच. खाणीचे नकाशे मात्र सरकारी कोळसा कंपनीकडे आणि खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या दफ्तरी.

ब्रिटनमध्ये १९९१ च्या कायद्यानुसार हा भार उलटा आहे. नुकसानीचे स्वरूप खाणीकडे बोट दाखवणारे असेल, तर ते खाणीमुळे झालेले नाही, हे तिथे जबाबदार यंत्रणेने सिद्ध करायचे. खाण कोणाच्या काळातली, याच्याशी घरमालकाला देणेघेणे नाही. आपल्याकडे कोळसा सरकारी कंपनीच्या ताब्यात येऊन अर्धशतक उलटले, तरी अशी तरतूद का नाही? विदर्भातील खासदारांनी ती संसदेत मागावी. तोवर घुग्घूसमधील प्रत्येक वॉर्डाखालच्या खाणीचा नकाशा नगर परिषदेच्या फलकावर लावावा. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

– एक वाचक, चंद्रपूर