डाग दिसला, पुढे काय?

२०१८ मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या यादीत सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र म्हणून देशात पहिला नंबर आपल्या तारापूरचा. आणि सरकारी कॅन्सर तपासणी कोणाची? तोंड, स्तन, गर्भाशयमुख. फुफ्फुसाचं नावच नाही!

इथे खोकला आला की आधी टीबी. थुंकी तपासा, बरोबरच आहे. पण टीबी नाही निघाला तर?

पुढारी म्हणतील, सीटी मशीन आणू. आणा की! बिडी-सिगारेट खूप ओढणाऱ्यांची कमी किरणांच्या सीटीने तपासणी केली, तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू घटतात, हे अमेरिकेत २०११ मध्येच दिसलं. पण मशीन फक्त डाग दाखवतं. पुढची बायोप्सी, योजनेचे कागद, रोजी बुडवून डहाणू लोकलने परळच्या टाटाला खेपा, यात सोबत कोण? माणूस वाटेतच गळतो.

टाटा हॉस्पिटलने याच कामासाठी 'केवट' तयार केले. रुग्णाला पैलतीरी नेणारे, पगारी, प्रशिक्षित. तसा एक पालघरला, एक बोईसरला नेमा. पैसे? कारखान्यांचा सीएसआर आहे ना! कमानी आणि बाकडी पुरे झाली. धूर इथे सोडता, तर एका माणसाचा पगारही इथेच द्या.

पटलं तर पुढे पाठवा, आमदार-खासदारांना टॅग करा.