बिल्डरचे 60 दिवस आणि बाईचे 60 दिवस

वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या डोंगरवाटेवर पासली हे गाव आहे. ज्या तालुक्यात ते मोडते त्याचे नाव पिढ्यान्‌पिढ्या वेल्हे होते. मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ते बदलून राजगड करण्याचा निर्णय घेतला. सरकारच्या मनात आले की अख्ख्या तालुक्याचे नाव बदलते. मात्र नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून, पोर कडेवर घेऊन या डोंगरात माहेरी परतलेल्या बाईला एका शिधापत्रिकेवरचे आपले नाव दुसऱ्या शिधापत्रिकेवर नेता येत नाही. तिला तालुक्याचे हेलपाटे घालावे लागतात, आणि प्रत्येक हेलपाट्याला एका दिवसाची मजुरी बुडते.

हे हेलपाटे का पडतात? या मावळपट्ट्यातील माणसे पोटासाठी मुंबई-पुण्याला जातात, लेकीही तिकडेच दिल्या जातात. लग्नानंतर मुलीचे नाव सासरच्या शिधापत्रिकेवर चढते. ती परत आली तर आधी तिकडचे नाव कमी केल्याचा दाखला हवा, आणि त्यासाठी कुटुंबप्रमुखाने हात हलवायला हवा. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातील सर्वांत वडील स्त्रीला कुटुंबप्रमुख मानले. हेतू चांगला होता. पण या घरात ती वडील स्त्री म्हणजे सासू. जिच्या डोळ्यांदेखत मारहाण झाली, तिच्याच सहीवर सुनेचे आणि नातवंडाचे धान्य अडून राहते.

धान्याचे हे, तर पैशाचे काय? 1980 पासून राज्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिचे अनुदान महिन्याला 1,500 रुपये आहे, आणि त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असावे लागते. म्हणजे दिवसाला 58 रुपये मिळवणारे घर सरकारच्या हिशेबी निराधार नव्हे! शिवाय आपण परित्यक्ता आहोत हे बाईनेच सिद्ध करायचे. आपल्या कायद्याला कुमारिका कळते, विवाहिता कळते, विधवा आणि घटस्फोटिताही कळते. ‘टाकलेली’ मात्र त्याला कळत नाही. 2011 च्या जनगणनेत घटस्फोटितांच्या जवळजवळ तिप्पट माणसे विभक्त म्हणून नोंदली गेली. या समूहातील अनेक स्त्रियांच्या हाती आपली अवस्था सांगणारा एकही न्यायालयीन कागद नसतो. 2025 मध्ये ‘लाडक्या बहिणीं’ची पडताळणी निघाली, तेव्हा पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागण्यात आला. ज्याने घराबाहेर काढले त्याच्याकडेच बहिणीने ओळखीचा क्रमांक मागायला जावे, ही भावाची माया!

मग न्यायालयात जा, असा सल्ला मिळतो. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून अमलात आहे. त्याचे बारावे कलम वाचावे. अर्ज मिळाल्यापासून सामान्यतः तीन दिवसांत पहिली सुनावणी, आणि त्या सुनावणीपासून 60 दिवसांत निकाल लावण्याचा न्यायाधीशाने प्रयत्न करावा, असे ते सांगते. प्रत्यक्षात काय घडते? या बाईला मदत करण्यासाठी कायद्याने संरक्षण अधिकारी नेमायला सांगितले. तो तालुका पातळीवर नेमा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला मे 2025 मध्ये देशातील राज्यांना द्यावा लागला. त्याआधी, 2020 मध्ये, नागपूरच्या कुटुंब न्यायालयात सुरू झालेले एक प्रकरण याच न्यायालयापुढे आले होते. त्यात अंतरिम पोटगीचा प्रश्न सात वर्षे लोंबकळत पडला होता. अंतरिम म्हणजे तूर्तास, निकाल लागेपर्यंत. आमच्याकडे ‘तूर्तास’ सात वर्षांचे असते. तेवढ्यात कडेवरचे पोर शाळेत जाऊ लागते.

यावर कचेरीची दोन उत्तरे ठरलेली आहेत. पहिले, कामाचा बोजा फार आणि पदे रिकामी. दुसरे, घाई केली तर खोटे अर्ज घुसतील.

ही उत्तरे प्रामाणिक आहेत असे क्षणभर मानू. मग 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याचे पंचेचाळिसावे कलम काढावे. बांधकामाच्या परवानगीसाठी केलेल्या अर्जावर नियोजन प्राधिकरणाने 60 दिवसांत निर्णय कळवला नाही, तर ती परवानगी मिळाली असे मानले जाईल, असे ते म्हणते. बांधकाम नियमाला धरून असावे, एवढीच अट. पदे तेथेही रिकामी असतात, खोटे अर्ज तेथेही येतात. तरीही कचेरीच्या दिरंगाईचा भार अर्जदारावर पडू नये, ही काळजी कायद्याने तेथे घेतली. तेथेही 60 दिवस, येथेही 60 दिवस. पण विटा-सिमेंटच्या कायद्यातील क्रियापद ‘मानले जाईल’ असे आहे, तर रक्तामांसाच्या बाईच्या कायद्यातील क्रियापद ‘प्रयत्न करावा’ असे आहे. राज्यसंस्था कोणत्या वर्गाची आणि कोणत्या लिंगाची बाजू घेते, हे कळायला आणखी कोणता पुरावा हवा?

दिरंगाई ही तटस्थ गोष्ट नाही. ज्याच्या हाती घर, जमीन आणि पगार आहे, त्याला थांबायला काहीच लागत नाही. जिच्या हाती फक्त दोन हात आहेत, तिला प्रत्येक तारीख मागे, सासरच्या उंबऱ्याकडे ढकलते. अखेर ती परत जाते, आणि ‘समझोता झाला’ म्हणून फाईल बंद होते. दिरंगाईचे खरे फळ हेच!

हा केवळ डोंगरातील अडाणी कारभाराचा दोष आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी अमेरिकेकडे पाहावे. पुण्याहून संगणक अभियंत्याची पत्नी म्हणून तिकडे गेलेल्या सुशिक्षित मुलीचा परवाना नवऱ्याच्या नोकरीच्या परवान्याला बांधलेला असतो. 1994 च्या तेथील कायद्याने छळ झालेल्या पत्नीला स्वतंत्रपणे अर्ज करण्याची वाट दिली, पण नवरा नागरिक किंवा कायमचा रहिवासी असेल तरच. अभियंत्याची बायको त्यातून सुटली. 2000 मध्ये गुन्ह्याच्या बळींसाठी वेगळा परवाना निघाला, पण वर्षाला 10,000 एवढाच. त्यामुळे रांग वर्षानुवर्षांची झाली. अशा पत्नींना निदान नोकरी तरी करता यावी, अशी तरतूद जानेवारी 2006 मध्ये कायद्यात आली. तिच्यासाठी अर्जाचा नमुना निघायला 2017 साल उजाडले! पासलीच्या वाटेवरील बाई आणि न्यू जर्सीतील बाई यांच्यात शिक्षणाचे, भाषेचे, पैशाचे अंतर आहे. दोघींना बांधणारी दोरी मात्र एकच आहे: नवऱ्याच्या कागदावाचून बाईला स्वतःचे अस्तित्व नाही.

संगमनेरला 1988 मध्ये समता आंदोलनाने परित्यक्तांची परिषद भरवली. पोटगी, निवारा, स्वतंत्र शिधापत्रिका हे प्रश्न या चळवळीने चव्हाट्यावर आणले. टाकलेल्या बाईकडे दयेने पाहणाऱ्या समाजाला तिने हक्काची भाषा ऐकवली. ती भाषा पुढे नेणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे. मागणी एकच आणि स्पष्ट असावी. पीडित स्त्रीच्या शपथपत्रावर आणि ग्रामसभेच्या नोंदीवर तिला परित्यक्तेचा तात्पुरता दाखला व स्वतंत्र शिधापत्रिका मिळावी. मुदतीत निर्णय झाला नाही तर ती मिळाली असे मानले जावे. चौकशी करायची तर नंतर करा. तोवर धान्य बंद ठेवू नका.

कायदा बदलेपर्यंत हातात असलेली हत्यारेही गंजू देऊ नयेत. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवा मुदतीत न देणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपयांचा दंड ठेवला आहे. तेव्हा प्रत्येक अर्जाची तारखेसह पोच घ्यावी. हिंसाचाराच्या कायद्याच्या तेविसाव्या कलमाखाली केवळ शपथपत्रावर एकतर्फी अंतरिम आदेश मागता येतो. तो पहिल्याच दिवशी मागावा. आणि एक गोष्ट स्वतःच्या घरातही पाहावी. गावकीच्या बैठकीत ‘पोरी, जरा सोसून घे’ असे सांगणाऱ्यांत आपल्या विचाराचे म्हणवणारे कार्यकर्तेही बसलेले असतात. कचेरी तिला तारखेने मागे ढकलते, ते उपदेशाने ढकलतात. दोघांचा मुक्काम एकच उंबरा आहे. त्या बैठकीतून उठून बाईबरोबर तालुक्याच्या यष्टीत जो बसेल, त्यालाच समतेचे नाव घेण्याचा अधिकार आहे.