पावसाळ्यांतील तळघर आणि व्यायाम

खोपोलीस ज्यानें एक पावसाळा काढिला, त्यास ओल म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं. समुद्रावरून आलेले ढग बोरघाटास अडून येथेंच रिते होतात. वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. घाटमाथ्यावर सांठविलेल्या याच पाण्यावर १९१५ सालीं टाटांचें वीजगृह येथें चालूं झालें. परंतु जें पाणी वीज देतें, तेंच जोत्याखालीं शिरलें म्हणजे घरास जड जातें.

एका मोठ्या कुटुंबाच्या कर्त्या गृहस्थांनीं आम्हांस विचारिलें कीं, तळघरांत मुलांनीं तालीम मांडिली आहे; आषाढ लागतांच भिंतींस बुरशी येते, धाकट्यास धाप लागते, आणि सुटलेला व्यायाम दिवाळीपर्यंत सुटलेलाच राहतो; यास उपाय काय?

प्रथम ओल कोठून येते तें ओळखावें. पुसून कोरड्या केलेल्या भिंतीवर प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारी कडा चिकटवून दोन दिवस ठेवावा. त्याच्या पाठीमागें पाणी दिसलें तर तें जमिनींतून वा भिंतींतून येत आहे; दर्शनी अंगास दिसलें तर हवेंतील बाष्प थंड भिंतीवर निवत आहे. पहिल्या प्रकारीं इलाज बाहेरून करावा: पन्हळीचें पाणी जोत्यापासून दूर न्यावें, अंगणाचा उतार घराबाहेर ठेवावा, चर वैशाखांतच उपसावे. आंतून तैलरंग फासणें व्यर्थ. कोंडलेलें पाणी त्याचे पोपडे काढितें. दुसऱ्या प्रकारीं खिडक्या दिवसभर उघड्या ठेवणें हेंच ओलीचें कारण होय. हवेंतील बाष्प शोषणारें विजेचें यंत्र मिळतें. तें झडपा मिटून चालवावें. पेट्या व पुस्तकें भिंतीपासून वीतभर दूर, फळीवर असावीं. मात्र ओल सुकविण्यासाठीं बंद तळघरांत कोळशाची शेगडी कदापि पेटवूं नये. तिच्या गंधहीन विषारी वायूनें प्राण जातात.

हें सर्व करूनही चार महिने तालीम वर न्यावी, असेंच आमचें मत आहे. श्रम करणारा श्वास जोरानें घेतो, आणि बुरशीचे सूक्ष्म कण तितकेच आंत ओढितो; शिवाय त्याच्या घामानें ओल वाढते. धाकट्यास तर वैद्य अथवा डॉक्टरांस दाखवावेंच. वाग्भटानें अष्टांगहृदयांत वर्षाऋतूची चर्या सांगतांना भूमीची वाफ, गारठा व तुषार यांपासून मुक्त अशा वरच्या मजल्यावर राहावें, अतिश्रम टाळावे, असें सांगितलें आहे. व्यायामाविषयींही या ऋतूंत तो मंद असावा एवढेंच त्याचें म्हणणें. तो टाकावा असें नाहीं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस आठवड्यास निदान १५० मिनिटें मध्यम श्रम सांगते. रोज पंचवीस मिनिटें, सहा दिवस, कीं तेवढे झाले. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनीं ज्यांचा प्रसार केला त्या सूर्यनमस्कारांस एक सतरंजी पुरते. घाट चढतांच लोणावळ्यास १९२४ सालीं स्वामी कुवलयानंदांनीं स्थापिलेलें कैवल्यधाम आहे. आसनें तेथें रीतसर शिकतां येतात.

खरी अडचण पुढेंच आहे. वरची कोरडी माडी बहुधा आम्हां वडीलधाऱ्यांची असते. मुलें तेथें पाय आपटावयास कचरतात, आणि सुना तर तळघरांतही व्यायामास जात नाहींत, कारण तेथें मुलगे असतात. वडिलांनीं आपण होऊन सकाळचा अर्धा तास मुलांस व सायंकाळचा अर्धा तास सुनांस माडी मोकळी करून द्यावी. वर्तमानपत्र ओटीवरही वाचतां येतें.