भिंत रंगवून झाली, आता पाणी कुठं जातं ते विचारा

पोस्ट लांब आहे. भंडारदऱ्यात टेन्ट, होम-स्टे, रिसॉर्ट चालवणाऱ्या मित्रांना काही ठिकाणी टोचेल. त्यांनी शेवटपर्यंत वाचावं आणि मग फोन करावा.

मागच्या डिसेंबरात मुंबईच्या एका मोठ्या शाळेची एसी बस आपल्याकडच्या एका वाडीवर आली. चाळीसेक पोरं, नववी-दहावीची. सोबत रंगाचे डबे, ब्रश, टी-शर्ट आणि एक ड्रोनवाला. वाडीच्या जिल्हा परिषद शाळेचा पट चौदा. ती चौदा मुलं सकाळी आठपासून रांगेत उभी, हातात झेंडूची फुलं. बस आली साडेअकराला. स्वागतगीत झालं, वह्यावाटप झालं आणि मग भिंत रंगवली. भिंतीवर डॉल्फिन काढला. खाली इंग्रजीत काहीतरी सुविचार. आमच्या पोरांनी डॉल्फिन पाहिलेला नाही, पण ते असो. गुरुजी हळूच मला म्हणाले, "तीन वर्षांत तिसऱ्यांदा रंग बसतोय या भिंतीला. संडासात मात्र पाणी नाही." दुपारी तीनला बस गेली. पोरांना 'सेवेच्या तासांचं' प्रमाणपत्र मिळालं. परदेशी कॉलेजच्या फॉर्मला ते लागतं म्हणे.

आणि हो, त्याची बातमी मीच दिली. दोन कॉलम, फोटोसह. 'विद्यार्थ्यांनी जपली सामाजिक बांधिलकी.' वीस वर्षं पत्रकारिता करतोय, असल्या शंभरेक बातम्या तरी दिल्या असतील. म्हणून पहिला दगड स्वतःच्याच डोक्यात घालून घेतो आणि पुढे बोलतो.

या सगळ्याबद्दल मला लाज वाटायला लावली ती एका सोळा वर्षांच्या पोरीने. माझा डिप्लोमाचा एक वर्गमित्र ठाण्याला असतो. बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी ज्यू. कोकणात ज्यांना शनिवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी घाणा बंद ठेवायचे, ते. घरी बोलणं मराठी, गाव रोह्याकडचं, शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावणार. त्याची मुलगी सुट्टीत अमेरिकेला मावशीकडे गेली होती. तिथे मावसबहिणीच्या सिनेगॉगमधल्या मुलामुलींची एक सहल होती, तिच्यात हीपण गेली. परत आल्यावर बापलेक दोन दिवस आपल्याकडे भंडारदऱ्याला आले. मी आपला यजमान म्हणून रतनवाडी, अमृतेश्वर, रंधा फॉल असं फिरवत होतो आणि पोरगी त्या सहलीचं सांगत होती.

सहल म्हणजे काय, तर बसने अमेरिकेच्या दक्षिणेत फिरायचं. धबधबा नाही, राइड नाही. बर्मिंगहॅमचं चर्च बघायचं, जिथे सप्टेंबर 1963 मध्ये बॉम्ब ठेवून चार काळ्या मुली मारल्या. त्यातल्या तिघी चौदा वर्षांच्या, एक अकराची. सेल्माचा पूल चालत ओलांडायचा, जिथे मार्च 1965 मध्ये मतदानाचा हक्क मागणाऱ्या लोकांना पोलिसांनी काठ्यांनी झोडपलं. माँटगोमरीला 2018 मध्ये उभारलेलं एक स्मारक आहे. जमावाने ठार मारलेल्या काळ्या लोकांची नावं तिथे आठशेहून जास्त लोखंडी खांबांवर कोरली आहेत, एकेका काउंटीचा एकेक खांब. आपण पुढे चालत जातो तशी जमीन खाली उतरत जाते आणि खांब डोक्यावर लटकायला लागतात. बाहेर त्याच खांबांच्या जोडीचे दुसरे खांब आडवे ठेवलेत. ज्या काउंटीत हे खून झाले तिने आपला खांब न्यावा आणि आपल्या गावात उभा करावा, अशी त्यामागची कल्पना.

ज्यू मुलांना हे कशाला दाखवायचं, असं मी विचारलं. पोरीने 1964 ची गोष्ट सांगितली. त्या उन्हाळ्यात काळ्या लोकांची मतदार नोंदणी करायला शेकडो तरुण मिसिसिपीत गेले. 21 जूनला त्यातल्या तिघांना मारलं. जेम्स चेनी हा तिथलाच काळा तरुण, वय 21. अँड्र्यू गुडमन 20 चा आणि मायकेल श्वर्नर 24 चा. हे दोघे न्यूयॉर्कचे ज्यू. प्रेतं चव्वेचाळीस दिवसांनी सापडली, मातीच्या एका बंधाऱ्यात पुरलेली. हे ती आपल्या धरणाच्या भिंतीकडे बघत सांगत होती. मला काय बोलावं सुचेना.

अशा सहली काढणाऱ्या संस्था तिकडे बऱ्याच आहेत. अटलांटाची 'एतगार 36' नावाची एक आहे. एतगार म्हणजे हिब्रूत आव्हान. ते पोरांना बंदुकीच्या बाजूचा माणूस भेटवतात आणि विरोधातलाही. गर्भपाताच्या बाजूची बाई भेटवतात आणि विरोधातलीही. भिंत रंगवत नाहीत. वाद घालायला शिकवतात.

कमेंटमध्ये गाझा येणार हे मला माहीत आहे. या पोरीच्या बसमध्येही तो आला होता. त्यावरून दोन मुली दिवसभर एकमेकींशी बोलल्या नाहीत आणि सोबतच्या मोठ्यांनी विषय बंद केला नाही. मला एवढंच म्हणायचंय की तिथे प्रश्न विचारायची मुभा होती. आणि अन्याय फक्त परक्यांकडूनच होतो असंही या पोरीच्या घरात कुणी मानत नाही. तिच्या आजोबांच्या पिढीतले जे बेने इस्रायल इस्रायलला गेले, त्यांना तिथल्या धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी 'तुम्ही खरे ज्यू का' म्हणून पिढ्यांचा हिशोब मागितला. आपल्या कोकणातल्या साध्या माणसांनी तिथे धरणं धरलं, तेव्हा कुठे 1964 मध्ये तिथल्या सरकारने हे पूर्णपणे ज्यूच आहेत असं जाहीर केलं. गुडमन-श्वर्नर गेले तेच वर्ष.

मित्र एक शब्द सांगून गेला, तो डोक्यातून जात नाही. त्यांच्यात दानाला त्सदाका म्हणतात. पण शब्दाचा धातू दयेचा नाही, न्यायाचा आहे. म्हणजे देणारा उपकार करत नाही, देणं फेडतो. बाराव्या शतकातला त्यांचा मोठा पंडित मैमोनिडीस याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्यात. सगळ्यात वरची पायरी म्हणजे समोरच्याला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन असं उभं करायचं की पुन्हा हात पसरायची वेळ त्याच्यावर येणार नाही. आपली वह्या वाटायची पायरी कितवी, हे ज्याने त्याने मोजावं.

आता मुद्द्यावर येतो. धरणाच्या भिंतीजवळ पोरीने विचारलं, "काका, विल्सन कोण?" मी म्हटलं, मुंबईचा गव्हर्नर. "आणि आर्थर?" तो ब्रिटिश अधिकारी, त्याच्या नावावरून आर्थर लेक. ती म्हणाली, सेल्माच्या पुलालाही अजून एडमंड पेट्सचंच नाव आहे. तो गुलामगिरीच्या बाजूने लढलेला जनरल. पण तिथे निदान प्रत्येक पोराला सांगतात की हा माणूस कोण होता. मग तिने विचारलं, "या पाण्याखाली कुणाची शेतं होती? आणि हे पाणी जातं कुठं?"

वीस वर्षांत भंडारदऱ्याला आलेल्या एकाही पाहुण्याने मला हा प्रश्न विचारलेला नाही. काजवे कधी दिसतात, हे हजारांनी विचारलंय.

तर पाणी कुठं जातं? 1910 ला काम सुरू झालं, 10 डिसेंबर 1926 ला लेस्ली विल्सनने उद्घाटन केलं. 11 टीएमसीचं धरण. पाणी प्रवरेतून निळवंड्यात, तिथून ओझरच्या बंधाऱ्यावर आणि मग डाव्या-उजव्या कालव्याने संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे. त्याच्यावर ऊस उभा राहिला, लोणीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या, आमदार-खासदार उभे राहिले. उगाच नाक मुरडत नाही. त्या पाण्यावर लाखो लोकांचं पोट भरतं, माझे निम्मे नातेवाईक खालीच आहेत. पण धरणाच्या वरच्या अंगाला, महादेव कोळी आणि ठाकरांच्या वाड्यांवर, जिथे पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखं कोसळतं, तिथे एप्रिल-मे मध्ये बायका हंडे घेऊन झरे शोधतात. एका आजीच्या ओट्यावर आम्ही चहाला बसलो होतो. ती पोरीला म्हणाली, "उन्हाळ्यात हंडा डोईवर घेऊन जाते ना बाई, तं समोर धरान दिसतंय सगळ्या वाटनं."

जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की खालच्या भागात काय होतं आठवा. 2005 च्या कायद्यात 'समन्यायी पाणीवाटप' आहे, त्यावरून रास्ता रोको, कोर्टकचेऱ्या, 'आमच्यावर अन्याय' असे मथळे. त्यातले काही मीच लिहिलेत. समन्यायी! शब्दातच न्याय आहे. पण हा न्याय नेहमी धरणाच्या खालून मोजायला सुरुवात होते. धरणाच्या वर राहणारा माणूस त्या हिशोबात धरलेलाच नाही. 2026 च्या डिसेंबरात धरणाला शंभर वर्षं पूर्ण होतात. रोषणाई होईल, लेझर शो होईल, मंत्री येतील. वरच्या वाड्यांच्या नळाचा विषय कुठल्या भाषणात येतो ते मी ऐकायला बसणार आहे.

'येतात पोरं तर येऊ द्या की, चार पैसे मिळतात, पोरांना वह्या मिळतात,' असं शेंडीच्या चौकात मला सुनावलं गेलं. बरोबर आहे. पैसे मिळतात, आणि वह्याही लागतात. गुरुजी नाही म्हणू शकत नाहीत, त्यांची अडचण मला कळते. माझं भांडण त्या मुंबईच्या पोरांशीही नाही. पंधरा वर्षांचं पोर मनाने चांगलं असतं, त्याला नेऊ तिकडे ते जातं. भांडण आहे ते त्यांना इथे आणून काहीच न दाखवणाऱ्या मोठ्यांशी. ज्या शाळेची भिंत रंगवली तिचा पट चौदा. सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा काढायचे प्रस्ताव मागवले होते, ती टांगती तलवार वाडीने विसरलेली नाही. शाळा गेली तर सहा वर्षांचं पोर पावसात ओढा ओलांडून कसं जाणार? डॉल्फिन काढणाऱ्या एकाही पोराला हे कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या चाळीसांतल्या चौघांनी तरी घरी जाऊन मंत्रालयाला पत्र लिहिलं असतं. त्यांच्या आईबापांचे फोन मंत्रालयात उचलले जातात, आमचे नाही.

आणि दाखवण्यासारखं इथे काय कमी आहे? देवगावला न्या, राघोजी भांगऱ्यांचं गाव. सावकार आणि इंग्रजांविरुद्ध उठला म्हणून 2 मे 1848 ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलेला माणूस. कोंभाळण्याला न्या, राहीबाई पोपेऱ्यांकडे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने गावरान बियाण्यांची बँक उभी केली, पद्मश्री मिळवली. तिच्यापुढे बसून पोरांनी शिकावं, तिला शिकवायला जाऊ नये. वनहक्काचा दावा भरून वर्षानुवर्षं थांबलेल्या माणसाला भेटवा, आणि वनखात्याच्या माणसालाही. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्यांना विचारा. दहावीच्या पोरांची परीक्षा बुडू नये म्हणून ही माणसं शेवटच्या रात्री झोप सोडून चालली होती, आणि मुंबईकर रस्त्यावर पाणी-बिस्किटं घेऊन उभे होते. त्यातली काही बसमधल्याच पोरांची आईवडील असतील, कोण जाणे. मग दुसऱ्या दिवशी त्यांना खाली राहात्याला उसाच्या फडात न्या. तिथला शेतकरीही आपली बाजू मांडेल, आणि ती खोटी नसेल. पोरांना दोन्ही ऐकू द्या, बसमध्ये भांडू द्या.

ज्यूंचंच उदाहरण घ्यायचं तर लांब जायला नको. 2012 पासून कळव्याच्या झोपडपट्टीत 'गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई' काम करतंय. जगभरचे ज्यू तरुण तिथे मुलांना शिकवायला येतात. पण काम इथल्या संस्थेला जोडून आहे, आणि पाहुणे परत गेले तरी ते चालू राहतं. बाहेरून येण्याला माझा विरोध नाही. तीन तासांत येऊन जाण्याला आहे.

आपल्याकडूनही काही व्हायला पाहिजे. वाडीवर गट आणायचा तर आधी ग्रामसभेला विचारा, रिसॉर्टच्या मॅनेजरला नाही. ग्रामसभेला तो मान पेसा कायद्याने 1996 लाच दिलाय. शाळेच्या वेळात पोरांना रांगेत उभं करायचं नाही. आईबापांना न विचारता पोरांचे फोटो नाहीत, हे मी स्वतःपासून सुरू करतोय. माझ्या वहीत त्या दिवशीचे सतरा फोटो होते म्हणा, फोनमध्ये. काढून टाकले.

परवा गुरुजींचा फोन आला. यंदाही एका शाळेचा मेल आलाय, 'रंगवण्यासाठी भिंत उपलब्ध आहे का?' काय उत्तर देऊ म्हणाले. आम्ही दोघांनी बसून लिहिलं: भिंत रंगवलेली आहे. डिसेंबरऐवजी मे महिन्यात या, दोन दिवस राहा, पहाटे पाचला बायकांबरोबर पाण्याला चला, संडासाच्या पाइपलाइनचं अंदाजपत्रक सोबत जोडलंय. मेल सोमवारी गेला. उत्तर आलं की इथेच टाकतो.