विश्लेषण : वाइनला गाव असते, साखरेला का नसते? जगातील वाइन प्रदेशांकडून बेलापूर-नाशिकने काय घ्यावे?

श्रीरामपूर शहरातल्या रेल्वे स्थानकाला नाव बेलापूरचे. हरेगावात उभा राहिलेला जुना साखर कारखानाही ओळखला गेला तो ‘बेलापूर कंपनी’ म्हणून. प्रवरेकाठचे मूळ बेलापूर या दोन्हींपासून काही किलोमीटर दूर. गावाचे नाव लांबवर पोहोचले, पण त्या नावाची किंमत गावाला मिळाली नाही. कारण बेलापूरच्या उसाची साखर आणि कोल्हापूरच्या उसाची साखर पोत्यात पडली की एकच. वाइनच्या धंद्यात नेमके याच्या उलट घडते. तिथे आधी गाव विकले जाते, मग बाटली.

वाइन प्रदेश कशाने ठरतो?

द्राक्षे पिकली म्हणून वाइन प्रदेश होत नाही. जमिनीचा पोत, उतार, पाऊस, दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक, द्राक्षाचे वाण आणि वाइन करण्याची रीत हे सगळे जुळावे लागते. फ्रेंच भाषेत या एकत्रित गुणाला ‘तेर्वार’ म्हणतात. आपल्याकडचा ‘मातीचा गुण’ हा शब्द त्याच्या जवळ जातो. फ्रान्समधील बोर्दो प्रदेश काबर्ने सोविन्यों आणि मेर्लो या वाणांच्या मिश्रणासाठी ओळखला जातो, तर बर्गंडी पिनो न्वार आणि शार्दने यांसाठी. शॅम्पेनची जमीन चुनखडीची, हवा थंड. तिथे दुसऱ्यांदा आंबवण्याची क्रिया बाटलीतच होते आणि त्यातून बुडबुडे येतात. तशीच वाइन दुसरीकडे कुणी केली, तरी तिला ‘शॅम्पेन’ म्हणता येत नाही.

नावासाठी कायदा का लागला?

कारण नाव चालू लागले की भेसळ आलीच. पोर्तुगालमधील दोरो खोऱ्यातली ‘पोर्ट’ वाइन इंग्लंडमध्ये खपू लागली, तशी तिच्यात भेसळही वाढली. अखेर १७५६ मध्ये मार्क्विस द पोंबाल यांच्या राजवटीत दोरोची हद्दच आखून देण्यात आली. शॅम्पेनमध्ये व्यापारी बाहेरच्या भागातून स्वस्त द्राक्षे आणत आणि बाटलीवर नाव मात्र शॅम्पेनचे लावत. स्थानिक बागायतदार देशोधडीला लागत होते. १९११ मध्ये त्यांचा संयम सुटला. तळघरे फुटली, वाइन रस्त्यावर वाहिली, सैन्य आले. फ्रान्सने १९३५ मध्ये देशव्यापी व्यवस्था उभी केली, तिच्यामागे असे अनुभव होते. कोणत्या हद्दीतली द्राक्षे, कोणते वाण, एकरी किती उत्पादन, कोणती पद्धत हे सारे त्यात ठरवून दिले जाते. हा कायदा पिणाऱ्याच्या चोखंदळपणातून जेवढा आला, तेवढाच पिकवणाऱ्याच्या संतापातूनही आला.

कमी परिचित प्रदेश कोणते?

जुन्यातले जुने नाव जॉर्जियाचे. तिथे सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी वाइन होत असल्याचे पुरावे मातीच्या भांड्यांत सापडले आहेत. ‘क्वेव्री’ नावाचे मोठे रांजण जमिनीत पुरून त्यात वाइन करण्याची तिथली रीत आजही चालू आहे. २०१३ मध्ये युनेस्कोने तिची वारसा म्हणून नोंद केली. हंगेरीतील तोकाय गोड वाइनसाठी, लेबनॉनचे बेका खोरे युद्धाच्या झळा सोसूनही टिकलेल्या वाइननिर्मितीसाठी, तर उरुग्वे ‘तना’ या वाणासाठी जाणकारांना माहीत आहे. नव्या प्रदेशाला मान मिळूच शकत नाही, असेही नाही. १९७६ मध्ये पॅरिसमध्ये नावे झाकून चव घेण्यात आली. परीक्षक फ्रेंच होते, पण पहिला क्रमांक मिळाला कॅलिफोर्नियातील नापाच्या वाइनना.

या नकाशावर नाशिक कुठे?

जगातील बहुतेक वाइन प्रदेश ३० ते ५० अंश अक्षांशांदरम्यान आहेत. नाशिक २० अंशांवर. इथे बर्फ पडत नाही, वेल झोपत नाही. म्हणून बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो : एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी. युरोपात द्राक्षतोड सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, नाशिकला ती जानेवारी ते मार्चमध्ये. १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी नारायणगावात फसफसणारी वाइन केली. पुढे राजीव सामंत यांच्या ‘सुला’ने नाशिकचे नाव घरोघरी नेले. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण आणले. विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क झाले. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळाले.

मात्र मानांकन मिळणे आणि नाव राखणे यांत अंतर आहे. खाण्याच्या द्राक्षाला मोठा मणी, पातळ साल, भरघोस माल लागतो. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड, आणि उत्पादन मुद्दाम कमी ठेवावे लागते. कमी मालाचा तोटा चांगल्या दरानेच भरून निघतो. हा दर बहुतांशी वायनरीबरोबरच्या करारावर ठरतो. मागणी घटली की पहिला फटका बागायतदाराला बसतो, कारण ही द्राक्षे बाजार समितीत कुणी घेत नाही. त्यात स्पर्धाही वाढते आहे. ऑस्ट्रेलियाबरोबरचा व्यापार करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला. तिथल्या महागड्या वाइनवरील १५० टक्के आयात शुल्क त्यामुळे टप्प्याटप्प्याने खाली येत आहे.

बेलापूरचा संबंध काय?

श्रीरामपूर तालुक्यातच टिळकनगर आहे. साखर कारखानदारीतून पुढे आलेल्या तिथल्या उद्योगाची ब्रँडी दक्षिण भारतात मोठ्या प्रमाणावर खपते. ब्रँडी म्हणजे मुळात ऊर्ध्वपातन केलेली वाइन. फ्रान्समधील कोन्याक गावाच्या परिसरात ती तिथल्याच पांढऱ्या द्राक्षांपासून, तांब्याच्या भांड्यात दोनदा ऊर्ध्वपातन करून आणि किमान दोन वर्षे ओकच्या पिंपात मुरवूनच करावी लागते. भारतात ब्रँडी म्हणून जे विकले जाते, त्यात बहुधा मळीचा किंवा धान्याचा मद्यार्क मुख्य असतो. कायद्याला ते मान्य आहे. पण त्यामुळे कोन्याकच्या बाटलीत द्राक्ष बागायतदाराचा जो वाटा असतो, तो इथल्या कोणत्याच शेतकऱ्याला मिळत नाही. मळीला गाव नसते.

मग उसाऐवजी द्राक्षे लावावीत का?

नाही. प्रवरा कालव्यांखालची भारी, पाणी धरून ठेवणारी काळी जमीन वाइनच्या वेलीला मानवणारी नाही. शिवाय दारूचा प्रश्न समाजाच्या दृष्टीने हलका नाही. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकण्यास राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली, तेव्हा याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीतून अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला होता. मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्णतः सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. शेतकऱ्याचे हित पुढे करून या गोष्टी झाकता येणार नाहीत.

घेण्यासारखा धडा वेगळा आहे. नाशिकच्या मानांकनात हद्द, वाण आणि उत्पादनाची मर्यादा काटेकोर हवी, आणि हे नियम ठरवणाऱ्या समितीत वायनरीइतकेच बागायतदारही हवेत. बेलापूर परिसरासाठी हाच विचार गूळ, पेरू, डाळिंब अशा कोणत्याही मालाला लागू होतो. सहकाराने या जिल्ह्यात शेतकऱ्याला कारखान्याचा मालक केले. गावाच्या नावाचा मालक करणे अजून बाकी आहे. शॅम्पेनच्या बागायतदारांना त्यासाठी रस्त्यावर उतरावे लागले. इथे ती वेळ येण्याआधी नियम व्हावेत.